वळणावरचा फलाट

८ फेब्रुवारी

आज यांचा पलंग खिडकीशी हलवला. दोन माणसं बोलवावी लागली, आणि मी नुसती "जपून हं, जपून" करत मध्ये मध्ये लुडबुडत होते. उशीवर डोकं असतानाही यांना बाग दिसावी असं माझ्या मनात. दिसते, पण सगळी नाही. लिंबाच्या झाडापासून नळापर्यंतचा तुकडा दिसतो. त्या तुकड्यात रुळांचं एक वळण येतं. बाकीचे रूळ घराला वळसा घालून मागे जातात. शेडही मागेच, ती मुळीच दिसत नाही.

शेडमध्ये सवत आहे. वही नवी, म्हणून एकदा लिहून टाकते. सवत म्हणजे यांचं इंजिन. हे जन्मभर पंपांच्या कारखान्यात नकाशे काढत होते. निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात पोत्यातून लोखंडी चाकं घेऊन घरी आले. तेव्हापासून शेडमध्ये वाफेचं इंजिन तयार होतंय. टेबलावर गोल फिरणारं खेळणं नव्हे हं. खऱ्या इंजिनाच्या साधारण बाराव्या हिश्शाचं, आमच्या जेवणाच्या बाकाएवढं लांब, खरा कोळसा खाणारं, आणि मागच्या छोट्या गाडीवर बसलेल्या माणसांना ओढून नेणारं. म्हणजे पुढेमागे नेणार होतं. मी शेडच्या दारात जाऊन विचारायचे, "जेवायला घरात येताय, की सवतीकडेच वाढून पाठवू?" आतून उत्तर यायचं, "पाठव. आणि तिलाही घास घाल, कोळशाचा."

ऑक्टोबरमध्ये यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाय काठीच्या आधारानं परतलाय. शब्द एकेक करून येतात, कधी भलताच येतो. मीठ हवं असलं की "खिडकी" म्हणतात आणि स्वतःवरच चिडतात. उजवा हात आला नाही. सवत तशीच पडून आहे, पोट उघडं टाकून. हे तिचं नावही काढत नाहीत. एवढा खटाटोप करून पलंग खिडकीशी लावला, तर भिंतीकडे तोंड करून झोपले.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हांला रोजनिशी लिहायला लावायच्या. खरं लिहा आणि अक्षर नीट काढा, एवढेच दोन नियम. अक्षर नीट काढतेय. खरं हे, की हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चाललाय आणि मला फुंकर कुठे घालावी ते कळत नाही.

१७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. यांनाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावते.

"आई, किती दिवस असं चालणार? माझ्याकडे या दोघं. तळमजला आहे, जिना नाही, काही नाही."

"आणि बाग?"

"मी बाबांचं बोलतेय आणि तू बागेचं काय काढतेस!" मग आवाज मऊ करून म्हणाली, "आणि बाबांनंतर? तू एकटी त्या घरात काय करणार आहेस, आई? शेडशी गप्पा मारणार?"

माझी तारांबळ उडाली. स्पीकर बंद करायला गेले तर आवाज आणखी मोठा झाला. पोरीचा आवाज बापासारखाच, कुजबुजली तरी गल्लीत ऐकू जातं. वळून पाहिलं तर यांचे डोळे मिटलेले. झोपले होते बहुतेक. देवाची कृपा.

१८ फेब्रुवारी

आज नवल झालं. चहा पिता पिता हे म्हणाले, "शेड."

मला वाटलं, यांना साखर हवी आहे. साखर दिली. यांनी चमचा बाजूला सारला आणि काठी ओढून घेतली. "शेड. आत्ता."

वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला सांगून ठेवलं होतं की जे आवडतं त्याबद्दल विचारत राहा, उत्तर माहीत असलं तरी विचारा, बोलतं ठेवा. मी इतके दिवस विचारत होते आणि हे भिंतीकडे बघत होते. आज एकदम कसं काय गाडं चालू झालं, कोण जाणे. बाईंच्या हाताला गुण आहे.

शेडमध्ये धुळीचा थर होता. हे सवतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "बस." मी स्टूल पुसून यांच्यासाठी पुढे ओढलं. यांनी मान हलवली. "तू बस." आणि डाव्या हातानं फळीवरची कानस काढून माझ्या मांडीवर ठेवली.

ठरवलं आहे, हे सांगतील ते करायचं. माझे हात, यांचं डोकं. सवत पुरी झाली तर हे उठून बसतील. नाही झाली तर मला त्या भिंतीचा रंगच बदलावा लागेल.

६ मार्च

पितळेची एक पट्टी सपाट करायला दिली आहे. आठवडाभर घासतेय. मला वाटायचं, घासणं म्हणजे घासणं. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची, आणि खांदा हलू द्यायचा नाही, हे आज कळलं. हे काठीच्या टोकानं माझा खांदा खाली करतात. सिस्टर पियानो शिकवताना पट्टीनं मनगट वर करायच्या, त्याची आठवण झाली.

पट्टी उजेडात धरून यांनी डोळा बारीक केला. ओठ हलले, काहीतरी जुळवत होते. मी श्वास रोखून बसले. मग स्वच्छ, खणखणीत शब्द आला. झटक्यानंतरचा पहिला इतका स्वच्छ.

"गवंडी!"

कारखान्यात ओबडधोबड काम करणाऱ्या पोरांना हे हेच म्हणायचे. मी हसले आणि मग रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी मला लाडाचं नाव ठेवलं ते आज.

२३ मार्च

ती पितळेची पट्टी बसली. बसली म्हणजे कशी, फटीतून उजेड येत नाही. मी ती काढून पुन्हा बसवली, पुन्हा काढली. दोन तुकडे वेगळे आहेत हे बोटाला कळतच नाही. हे मी केलं. या हातांनी आजवर उशांचे अभ्रे, फ्रॉक आणि शाळेच्या प्रार्थनाघरातले पितळी दीप एवढंच केलं होतं.

हे खूप बोलायला लागलेत. म्हणजे दोन-दोन, तीन-तीन शब्द. मी विचारते, ही नळी कुठे जाते? हे सांगतात. मी मुद्दाम चुकीचं बोलते म्हणजे यांना दुरुस्त करावं लागतं. बाई म्हणाल्या, उत्तम चाललंय. गंमत अशी की हे मला उलट तपासतातही. "ही... कुठे?" करत नळीवर काठी ठेवतात आणि मी चुकले तर पुढे जात नाहीत. बिचाऱ्यांना स्वतःलाच खात्री नसेल म्हणून माझ्याकडून घोकून घेत असतील.

१९ एप्रिल

मी स्टेशन बांधायला घेतलंय! इंजिन यांचं, इमारत माझी. जागाही मी निवडली. खिडकीतून दिसणारं वळण. हे दुपारी पडतात तेव्हा समोर काहीतरी बघायला हवं ना.

स्टेशन माझ्या लहानपणचं. वसतिगृहात जायला आम्ही जिथून गाडी धरायचो ते. विटा सिमेंटच्या, एकेक साच्यातून काढतेय, बिस्किटांएवढ्याही नाहीत. पत्र्याची कौलं कात्रीनं कापली. जवळ गावही नसलेल्या त्या स्टेशनात एक खांबावरचा कंदील होता, तोसुद्धा केला. वडील मला दर वेळी इंजिनापर्यंत घेऊन जायचे आणि म्हणायचे, "हात लाव. घाबरायचं नाही, ते उभं आहे." मी हात लावायचे. ऊन ऊन, आत काहीतरी हलतंय असं. मोठ्या जनावराच्या कुशीला हात लावावा तसं. मग आठवडाभर वर्गात मला त्या हाताला धुराचा वास येत असल्यासारखं वाटायचं, आणि मी तो हात धुवायला नाखूश असायचे.

आज यांनी साहेबाला आणलं. साहेब म्हणजे यांनी लाकडात कोरलेला बाराव्या हिश्शाचा माणूस. जे काही बांधायचं त्याच्याशेजारी त्याला उभं करायचं, दारातून त्याचं डोकं जातं का, पायरी त्याला चढता येते का ते बघायचं. स्वतः काही करत नाही आणि सगळ्यांच्या चुका काढतो, म्हणून साहेब. त्याला माझ्या तिकिटाच्या खिडकीशी उभं केलं, तर खिडकी साहेबाच्या टोपीच्या वर!

"असं कसं?" मी म्हटलं. "मला अगदी स्पष्ट आठवतंय. एवढीच उंच होती. वडील मला उचलून धरायचे तेव्हा आतला माणूस दिसायचा."

हे म्हणाले, "तू... एवढी होतीस." आणि हात गुडघ्याशी धरला.

मी खिडकी फोडायला घेतली तर यांनी छिन्नी काढून घेतली. "राहू दे. साहेब... टाचा वर करेल."

११ मे

आज चालकाची बैठक केली. इंजिनामागच्या गाडीवर चालक दोन्हीकडे पाय टाकून बसतो. यांनी मलाच बसवलं आणि मापं घ्यायला लावली. पाय ठेवायची पट्टी किती खाली, पाठ किती मागे. मी म्हटलं, "अहो, माझी मापं काय घेता? तुमचे पाय केवढे लांब." हे म्हणाले, "आता... नाहीत." खरंच आजारपणात माणूस आटतो. पट्टी माझ्याच मापावर ठोकली.

मग रेग्युलेटर. वाफ सोडायची दांडी. ती ओढली की इंजिन चालतं, ढकलली की थांबतं. मी यांच्या डाव्या हाताचा विचार करून ती डावीकडे धरली. हे म्हणाले, "उजवीकडे." मी म्हटलं, चुकून बोललात, डावा म्हणायचंय ना? यांनी काठी आपटली. "उजवीकडे!"

यांना अजून आशा आहे की उजवा हात परत येईल. मी दांडी उजवीकडे बसवली, शिट्टीची दोरीही तिकडेच, आणि मनात प्रार्थना केली. दांडीची मूठ लाकडाची करायची होती. यांनी माझा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. "अंदाजाला," म्हणाले.

१५ जून

वाईट दिवस.

मिशाभावजी आले होते. यांचे जुने मित्र. मॉडेल इंजिनं बांधणाऱ्यांचं इथे एक मंडळ आहे, त्याचे बॉयलर तपासनीस. मिशा अशा की दोन्ही टोकं सिग्नलच्या हातांसारखी वर. त्यांनी बॉयलर पास केला नाही तर आत कधीच विस्तव घालता येत नाही. मैत्री असो की आणखी काही. तांब्याचं पोट, आत वाफ, आणि त्याच्या मागेच माणूस बसणार. फुटलं तर संपलं.

बॉयलर पाण्यानं गच्च भरला, हवेचा बुडबुडा ठेवला नाही, आणि हातपंपानं दाब चढवला. रोज लागेल त्याच्या दुप्पट. दाबमापकाचा काटा चढला, आम्ही तिघं घड्याळाकडे बघत राहिलो. काटा हलला नाही. मी मनात गाणं म्हणायला सुरुवातच केली होती. मग तो अगदी केसभर मागे सरकला.

मिशाभावजींनी आरसा घेतला, खाली वाकले. आतल्या एका आधाराच्या खिळ्याशी पाण्याचा थेंब होता. मोत्याएवढा. पडला, आणि दुसरा भरायला लागला.

"वहिनी," भावजी म्हणाले, "हा जोड चांदीनं पुन्हा झाळावा लागेल. सगळा बॉयलर लाल करून. आणि एक सांगतो, पुन्हा तापवताना शेजारचे जोड सुटू शकतात. मग भंगार."

यांनी तो जोड मागे स्वतः दिलेला, उजव्या हातानं. आता हे थेंबाकडे बघत होते आणि मला ऑक्टोबरमधल्या झटक्याच्या सकाळचे हे दिसत होते. जेवले नाहीत. पलंगावर पडले, भिंतीकडे तोंड.

१६ जून

अजून भिंतीकडे. सवतीला शिव्या घालाव्यात असं वाटलं. घातल्याही, शेडमध्ये जाऊन, मोठ्यानं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला शिव्या कमीच येतात. दोन मिनिटांत संपल्या.

३ जुलै

परवा मी यांना म्हटलं, "मी तापवते." हे भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "जमणार नाही." मी म्हटलं, "मग भंगार माझ्या हातून होऊ दे. तुमच्या हातून नको." वळून बघितलं यांनी. मग काठी ओढून घेतली.

आज केलं. शेडचं दार बंद करून अंधार केला, कारण तांब्याचा रंग उजेडात कळत नाही. मिशाभावजी मोठी ज्योत धरून बॉयलरचं सगळं अंग तापवत होते, मी छोटी ज्योत घेऊन त्या खिळ्याशी. हे माझ्या कानाशी. तांबं आधी काळवंडलं, मग त्यावर मोरपिसाचे रंग सरकले, मग आतून लाली आली. जणू आत कोणी दिवा घेऊन खोल्या-खोल्यांतून चालत येतंय.

"थांब," हे म्हणाले. "थांब... थांब... आता."

मी चांदीची तार टेकवली. मला वाटलं होतं ती वितळून तिथेच थेंब होईल. तसं झालंच नाही. ती एका क्षणात पाणी झाली आणि फटीनं तिला ओढून घेतलं. खिळ्याभोवती उजळ रेघ धावली, गोल फिरून स्वतःला येऊन मिळाली. कोणी ढकललं नाही. तिला जायचं कुठे ते ठाऊक होतं. मी पुष्कळ वेळा गुडघे टेकून बसले आहे, पण असं अंग शहारलेलं मला फारसं आठवत नाही.

"पुरे!" हे ओरडले. बाकीचे जोड सुटले नाहीत.

ज्योती विझवल्यावर आम्ही तिघं काळोखात बसून त्या लाल पोटाकडे बघत होतो. ते हळूहळू पुन्हा तांबं झालं. भावजी म्हणाले, "वहिनी, मिशीचं एक टोक जळलं माझं." हे म्हणाले, "सिग्नल... पडला." म्हणजे गाडीला वाट मोकळी!

५ जुलै

पंप मारला. काटा चढला आणि राहिला. भावजींनी दोनदा घड्याळ बघितलं, आरसा घेतला, बोट फिरवलं. कोरडं. "पास," म्हणाले. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "गवंडी." पण आजचा गवंडी वेगळ्या आवाजातला होता.

२४ ऑगस्ट

फजिती.

सवत जोडून पुरी झाली. आज तिला विस्तव न घालता नुसती रुळांवर ढकलून एक फेरी मारायची होती. मी आणि मिशाभावजी ढकलत होतो, हे पलंगाशी खिडकीत बसून. घराला वळसा घालून आम्ही माझ्या स्टेशनाच्या वळणावर आलो. फलाट नुकताच रंगवला होता, कडेला पांढरी रेघ. सवत आत शिरली आणि कर्रर्र! फलाटाची कड तिच्या कुशीत घुसली. पितळी नळी वाकली, पांढरी रेघ खरवडली.

"मी मोजलं होतं!" मी म्हटलं. "दोन बोटं अंतर होतं. मागची गाडी उभी करून मोजलं होतं!"

भावजी पोट धरून खाली बसले. "वहिनी, वळणावर फलाट कोण बांधतं? आखूड गाडी वळणात बसते. लांब इंजिनाची चाकं रुळांवर वळतात, पण अंग सरळच राहतं ना. मधला भाग आतल्या बाजूला, फलाटाकडे येतो. आमच्या मंडळात पहिल्या वर्षाचं पोरगंही फलाट सरळ रुळाशी बांधतं. मागे एवढी सरळ जागा पडली आहे, इथे कशाला घातलात?"

"यांना खिडकीतून दिसावा म्हणून," मी म्हटलं. आणि वर बघितलं.

हे हसत होते. खिडकीची चौकट डाव्या हातानं धरून, आवाज न करता, सबंध अंगानं हलत होते. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. मग कळेना हसताहेत की आणखी काय. एप्रिलपासून हे रोज इथून मला बांधताना बघत होते. चूक यांना पहिल्याच दिवशी दिसली असणार. मग बोलले का नाहीत? शब्द सापडला नसेल.

२६ ऑगस्ट

भावजी म्हणाले, फलाट मागे हलवू. हे म्हणाले, "नाही. इथेच."

यांनी युक्ती सांगितली. फलाटाची कड फोडून मोकळी केली, तिथे पुठ्ठा पसरला. सवतीच्या कुशीला सगळ्यात बाहेर आलेल्या जागी पेन्सिल बांधली, टोक पुठ्ठ्याला टेकलेलं. मग सवतीला वळणातून हळूहळू ढकललं. तिनं आपल्या अंगानं रेघ ओढली. मला इथून इथपर्यंत जागा हवी, असं तिनं स्वतः लिहून दिलं. इतकी सुंदर रेघ. ताणलेल्या धनुष्यासारखी.

त्या रेघेबाहेर बोटभर सोडून दुसरी रेघ काढायची होती, कडेची. मी पेन्सिल घेतली तर यांनी मागितली. जमिनीवर बसले, पुठ्ठा काठीनं दाबला आणि डाव्या हातानं एका दमात रेघ ओढली. कुठे थरथर नाही. पहिल्या रेघेशी अगदी समांतर. जन्मभर नकाशे काढलेला माणूस! पण तो उजव्या हातानं. डावा इतका तयार कधी झाला, मला कळलंच नाही.

मग रेग्युलेटर उजवीकडे कशाला? विचारायला गेले, तेवढ्यात सिमेंट सुकत आलं.

१२ ऑक्टोबर

हात काळे आहेत, वही खराब होतेय, होऊ दे.

सकाळी मी विस्तव घातला. मीच घालावा असं हे म्हणाले. आधी लाकडाच्या ढलप्या, मग कोळसा, थोडा थोडा, दार लगेच लावायचं. आत पाणी किती ते दाखवणारी काच बघायची. हे खुर्चीवर, फलाटाशेजारी. साहेब फलाटावर, तिकिटाच्या खिडकीशी, टाचा वर करून. काटा बराच वेळ ढिम्म. मग सवत कुजबुजायला लागली. पाणी उकळायच्या आधी भांडं कुजबुजतं तसं, पण हिच्या सगळ्या अंगातून. मी तिच्या कुशीवर हात ठेवला. ऊन ऊन, आत काहीतरी हलतंय. वडिलांचा आवाज अगदी कानाशी आला. हात लाव, घाबरायचं नाही.

वाफ पुरी चढली. मी उठून म्हटलं, "चला, बसा आता."

यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं. "आज... तू."

"छे! मला कुठे येतं?"

यांनी डोळे मिटले. शब्द गोळा करत होते. मग आजारपणानंतरचं सगळ्यात लांब वाक्य आलं. "मग इतके दिवस... कोण करत होतं?"

मिशाभावजी लिंबाच्या झाडामागे जाऊन नाक शिंकरून आले.

बसले. पाय पट्टीवर टेकले. दांडी ओढली, केसभर. सवत थरारली, एक मोठा श्वास सोडला, आणि बाग हलायला लागली! मी नाही हलले, बागच मागे जायला लागली. एकेक श्वास, मग पटापट. समोर नळकांड्यातून पांढरे झोत, तोंडावर तापलेल्या तेलाचा वास, खाली रुळांची गाणी. घरामागच्या सरळ रुळांवर मला कोणी बघत नव्हतं. तिथे मी एकटी होते, हातात एवढं मोठं जिवंत काहीतरी. भीती वाटली नाही. मी शिट्टी वाजवली, आणि ती कोणासाठी नव्हतीच. शाळेतल्या मुलीसारखी मी मोठ्यानं हसले.

मग वळण आलं. आधी कौलं, मग कंदील, मग हे. सवतीची कूस फलाटाजवळून गेली, बोटभर फट राखून, सगळ्या वळणभर तेवढीच. फटीतून ऊन पडलं होतं.

किती फेऱ्या मारल्या, मोजल्या नाहीत. शेवटी फलाटाशी थांबवली. हे भावजींच्या आधारानं उठले आणि माझ्यामागे येऊन बसले. डावा हात माझ्या खांद्यावर. मला वाटलं, खांदा खाली करताहेत.

"चल," म्हणाले.

१३ ऑक्टोबर

लेकीचा फोन. "काय करतेस, आई? मागे कसला आवाज?"

"सवतीची राख काढतेय."

"तू?"

"मग कोण? नळ्या घासायच्यात, तेल द्यायचंय. रविवारी भावजींच्या मंडळातली माणसं येणार आहेत. एकजण विचारत होता, वळणावरच्या फलाटाचं गणित कसं बसवलं. त्याला दाखवायचंय." स्पीकर चालू होता. हे पलंगावर, खिडकीकडे तोंड करून. लेक म्हणाली, "मी पण येऊ का रविवारी?"

दुपारी मला एक सुचलं. यांचा डावा हात आता इतका स्थिर आहे, तर रेग्युलेटर डावीकडे घ्यावा. दोन खिळे काढायचे, एक नळी वळवायची, मला जमेल. मग यांना स्वतः चालवता येईल. मी पाना घेऊन यांना सांगायला गेले.

यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाना माझ्या हातातून काढून उशीखाली ठेवला.

"नको," म्हणाले. "बरोबर... जागेवर आहे."

इंजिनाचं यांना जास्त कळतं, मी काय बोलणार. संध्याकाळी शेड बंद करताना मात्र सहज बैठकीवर बसून पाहिलं. डोळे मिटले आणि हात पुढे केला. शोधावं लागलं नाही. मूठ अगदी माझ्या पंज्यात आली.